हंसाचें घरटें आणि नळाची मूठ

रघुनाथपंडितांच्या दमयंतीस्वयंवरांतील हंसाचा विलाप पुष्कळांनीं शाळेंत पाठ केलेला असतो. त्याचें मर्म हंसाच्या वक्तृत्वांत नसून त्याच्या घरट्यांत आहे, असें आमचें मत आहे. महाभारतांतील हंस नळाशीं सौदा करतो : मारूं नकोस, मी दमयंतीजवळ तुझे गुण गाईन. १२ व्या शतकांतील श्रीहर्षानें हा सौदा मागें सारून हंसाच्या तोंडीं वृद्ध माता व नुकतीच प्रसवलेली भार्या यांचें दुःख घातलें. रघुनाथपंडितांनीं तेंच मराठींत आणिलें. राजाला घरटें दिसत नाहीं, केवळ ऐकूं येतें, आणि मूठ सुटते. लाभाच्या आधीं करुणा आली, हाच या प्रसंगाचा कळस होय.

हा हंस म्हणजे पट्टकादंब, असें फोगेल या डच पंडितानें १९६२ सालीं प्रतिपादिलें. तो हिवाळ्यांत उजनीच्या जलाशयावर उतरतो. घरटीं मात्र लडाख-तिबेटाकडे करतो. तेव्हां चाकणच्या कारखान्यांलगत निघोज्यास राहणाऱ्या रसिकानें इंद्रायणीकाठीं हंसाचीं पिलें शोधूं नयेत; आपल्या तळ्यांवरील टिबुकली पाहावी. तिचें घरटें पाणवनस्पतींचें, तरंगतें. दूर जातांना ती अंडीं ओल्या शेवाळानें झांकते आणि पिलांना पाठीवर घेऊन पोहते.

अशा दृश्याचा मोह छायाचित्रकारास पडणें स्वाभाविक आहे. पण चित्र स्वच्छ यावें म्हणून जो भोवतालचें गवत बाजूस सारतो, तो तें घरटें उन्हाला व कावळ्याला उघडें करून देतो. माणूस जवळ आहे तोंवर मादी परतत नाहीं. घरट्याला असा उपद्रव देणें ही १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें शिकारच ठरविली आहे. इंग्लंडांत कीर्टन बंधूंनीं १८९२ सालीं अंड्यांसह घरट्याचें छायाचित्र घेतलें. पुढें पक्ष्यांना भय वाटूं नये म्हणून ते बनावट बैलाच्या पोटांत दडून बसत. त्यांची साधनें ओबडधोबड होतीं, दृष्टि मात्र रसिकाची होती.

म्हणून अशा चित्रांचें परीक्षण करतांना आम्ही प्रथम पक्ष्याची मान पाहतों. ती ताठ व भयभीत असेल, तर चित्र कितीहि रेखीव असो, त्यांत नळाची मूठ अद्याप आवळलेलीच आहे. गवताआडून अर्धवट दिसणारी, निश्चिंत बसलेली मादी आम्हांस अधिक सुंदर वाटते. रघुनाथपंडितांचा वाचक तरी याहून वेगळा कौल देणार नाहीं.