खानदेशातील तंत्रविद्यापीठ : मुद्रा आणि अभ्यासक्रम

विद्यापीठाचा इतिहास लिहिण्याची आपल्याकडे एक ठरावीक रीत आहे. कायदा केव्हा संमत झाला, कोनशिला कोणी बसविली, पहिले कुलगुरू कोण, संलग्न महाविद्यालये किती, एवढे नोंदविले की इतिहास पुरा झाला असे मानले जाते. तंत्रविद्यापीठाच्या बाबतीत ही रीत केवळ अपुरी नाही, ती दिशाभूल करणारी आहे. तंत्रविद्या कोणत्या तरी मातीची, पाण्याची वा कारखान्याची अडचण सोडवीत वाढते. ती अडचण अभ्यासक्रमात कितपत उतरली, हा या इतिहासाचा गाभा होय. खानदेशच्या उदाहरणावरून हा मुद्दा तपासावा, एवढाच प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

खानदेशास तांत्रिक परंपरा नव्हती असे कोणी म्हणू नये. पांझरेच्या खोऱ्यातील फड पद्धतीत बंधाऱ्याखालची जमीन फडांत विभागून एका फडात एकच पीक घेतले जाई, आणि गावाने नेमलेला पाटकरी पाण्याची पाळी सांभाळी. स्थापत्य, शेती आणि समाजव्यवस्था यांचा मेळ घालणारे हे शास्त्रच होते. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधून १८८३ साली उत्तीर्ण झालेले विश्वेश्वरय्या १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या नोकरीत शिरले, आणि सुरुवातीच्या काळात त्यांनी खानदेशातही काम केले. पांझरेच्या एका पाटाचे पाणी नळाच्या वक्रनलिकेने पलीकडे नेण्याचे काम त्यांनी धुळ्याकडे केले. परंतु अभियंता पुण्याहून आला, काम करून पुढे गेला. त्याच्या अनुभवाचे पाठात रूपांतर करणारी शाळा येथे नव्हती. अंमळनेरास गिरणीमालक प्रतापशेठांनी १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर उभारले. हे त्यांचे औदार्य थोरच. पण ज्या गावात गिरणी होती तेथे वस्त्रविद्येचे मंदिर मात्र उभे राहिले नाही. त्याच अंमळनेरात १९४५ साली वनस्पती तुपाची जी कंपनी निघाली, तिचेच पुढे विप्रो झाले आणि तिचे संगणकयुग बंगळूरास उजाडले. ज्ञान बाहेरून यावे, किंवा येथे अंकुरून बाहेर जावे, असा हा क्रम दिसतो.

महाराष्ट्रात १९८३ साली खाजगी अभियांत्रिकी महाविद्यालयांस वाट मोकळी झाली. जळगावजवळ बांभोरी येथे आणि फैजपूर येथे त्याच साली महाविद्यालये निघाली. धुळ्यासही त्याच दशकात निघाले. त्यांच्या पदव्यांवर प्रथम पुणे विद्यापीठाची मुद्रा होती. १५ ऑगस्ट १९९० रोजी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ जळगाव येथे स्थापन झाले आणि मुद्रा बदलली. लोणेरे येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठास २०१४ च्या कायद्याने राज्यभर संलग्नतेचा अधिकार मिळाला आणि त्यानंतरच्या काही वर्षांत ती पुन्हा बदलली. बांभोरीचे महाविद्यालय गिरणाकाठच्या विद्यापीठाच्या परिसराजवळच आहे. पण तेथील परीक्षेची सूत्रे आता रायगड जिल्ह्यातून, रस्त्याने चारशे किलोमीटरांहून अधिक अंतरावरून, हलतात.

अंतरापेक्षाही या स्थित्यंतरातील तत्त्वाचा प्रश्न अधिक गंभीर आहे. लोणेऱ्याचे विद्यापीठ १९८९ साली स्थापन झाले ते एकात्म म्हणून : जो शिकवील तोच अभ्यासक्रम आखील आणि तोच परीक्षा घेईल. १८५७ साली मुंबई विद्यापीठ लंडनच्या धर्तीवर निघाले ते केवळ परीक्षा घेणारे होते, आणि त्या साच्यातून बाहेर पडण्यास आपल्याला दीर्घ काळ लागला. एकविसाव्या शतकातील तंत्रविद्यापीठाने पुन्हा त्याच साच्यात शिरावे, यास केवळ विस्तार म्हणता येणार नाही. मूळ कल्पनेची ती मोडतोड आहे.

याला एक उत्तर दिले जाते, आणि ते हलके नाही. कला, वाणिज्य व विज्ञान यांच्या भाराखाली दबलेल्या सामान्य विद्यापीठात अभियांत्रिकीकडे पुरेसे लक्ष जात नाही. एका तंत्रविद्यापीठामुळे राज्यात समान पातळी राखता येते. हे मान्य करूनही म्हणावे लागते की, समानता हा पातळीचा गुण आहे, विषयाचा नव्हे. केळीच्या खोडाचे काय करावे, हा प्रश्न रावेर-यावलास जितका निकडीचा, तितका कोकणास असणार नाही.

याउलट उदाहरण जळगावातच आहे. विद्यापीठाने १९९४ मध्ये रसायन तंत्रशास्त्राचा स्वतःचा विभाग काढला आणि तेल, खाद्यपदार्थ, रंग यांसारख्या शाखांना त्यात स्थान दिले. तेलबिया आणि डाळी यांच्या जिल्ह्यात ही निवड योग्यच होय. मुंबईचा रसायन तंत्रशास्त्र विभाग १९३३ साली असाच गिरण्यांच्या शहरात वस्त्ररसायनापासून वाढला आणि २००८ मध्ये अभिमत विद्यापीठ झाला. विभागातून विद्यापीठ होते. केवळ संलग्नतेच्या यादीतून ते होत नाही.

शिरपूरच्या आर. सी. पटेल तंत्रशास्त्र संस्थेसारख्या महाविद्यालयांना मिळालेली स्वायत्तता म्हणूनच महत्त्वाची आहे. मुद्रा दूरची राहिली तरी अभ्यासक्रम जवळ येऊ शकतो. तो खरोखर जवळ आला की नाही, याचा निवाडा अधिनियमांवरून होणार नाही. आमच्या संशोधक विद्यार्थ्यांनी पुण्याच्या, जळगावच्या आणि लोणेऱ्याच्या कारकिर्दींतील स्थापत्य व रसायन विषयांच्या प्रश्नपत्रिका शेजारी शेजारी मांडाव्यात. तिन्हींत पांझरा, गिरणा, कापूस, केळी यांचा मागमूस नसेल, तर मुद्रा दोनदा बदलली आणि विद्यापीठ एकदाही आले नाही, असा निष्कर्ष निघेल. एका जरी प्रश्नपत्रिकेत तो आढळला, तरी खानदेशातील तंत्रविद्यापीठाचा इतिहास त्या पानापासून सुरू करावा.