रंगवलेला चीन

चीनच्या लोकजीवनाची एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी कोरीव चित्रे जुन्या वस्तूंच्या बाजारात आजही विकली जातात. नावाडी, न्हावी, चहा निवडणाऱ्या बाया, दिव्यांचा उत्सव. रसिक त्यांची नाजूक रेषा आणि हाताने भरलेले रंग वाखाणतात. मला प्रश्न पडतो तो वेगळाच : ही माणसे कोणी पाहिली, आणि कोणासाठी रंगवली?

थॉमस ॲलम याचा चीनवरील गाजलेला चित्रसंग्रह १८४३ पासून लंडनमध्ये निघू लागला. ॲलमने चीन कधी पाहिलाच नव्हता. दुसऱ्यांच्या, त्यातही १७९३ साली मॅकार्टनीच्या वकिलातीबरोबर गेलेल्या विल्यम अलेक्झांडरच्या रेखाटनांवरून त्याने आपला चीन रचला. 'इलस्ट्रेटेड लंडन न्यूज'ने १८५७ साली चार्ल्स विर्गमनला चीनला धाडले खरे. पण त्याची रेखाटने लंडनचे कारागीर लाकडी ठोकळ्यावर कोरीत. साप्ताहिकाची नेहमीची पाने काळ्या शाईतच निघत. रंग पुष्कळदा विक्रेत्यांनी मागाहून भरवून घेतले. त्या शतकात रंग भरण्याचे काम बहुधा बाया आणि पोरे करीत. एकाने निळा लावायचा, दुसऱ्याने तांबडा. चिनी कष्टकऱ्याला इंग्रज कष्टकऱ्याने रंगवले, आणि दोघेही निनावी राहिले.

ॲलमच्या संग्रहात अफू ओढणारे चिनी आहेत. त्यांना ती पुरवणारा त्या चित्रात नाही. माळव्याची अफू मुंबई बंदरातून जाई. जमशेटजी जीजीभॉय यांच्या संपत्तीत या व्यापाराचा मोठा वाटा होता, आणि त्यांच्याच देणगीतून १८५७ साली मुंबईची कलाशाळा उभी राहिली. आपल्या कलाशिक्षणाच्या पायाखाली काय आहे, हे आपल्या कलासमीक्षेने कधी विचारले?

नगरच्या वाचकाला हे दूरचे वाटू नये. मे १८४२ मध्ये 'इलस्ट्रेटेड लंडन न्यूज' निघाले; जूनमध्ये अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, अमेरिकन मराठी मिशनचे 'ज्ञानोदय' निघाले; ऑगस्टमध्ये चीनवर नानकिंगचा तह लादला गेला. या मिशनच्या बोस्टनच्या मातृसंस्थेने १८३० साली कॅन्टनला आणि १८३१ साली नगरला ठाणे उघडले. कॅन्टनचा चिनी आणि नगरचा महार एकाच मासिकातून बोस्टनच्या घरात पोचले. दोघेही दुसऱ्याच्या शब्दांत. मिशनच्या शाळांनी आमच्या हाती अक्षर दिले, हे मी नाकारीत नाही. पण उपकाराच्या नजरेतूनही माणूस 'नमुना' होतो. आमच्या ग्रामीण कथेतला काठी-घोंगडीवाला, जोहार घालणारा महार याच जातीचे चित्र आहे : रंग सुंदर, माणूस मुका.

मग उपाय काय? लाकडी ठोकळ्याची छपाई मूळची चीनचीच. १९३१ च्या ऑगस्टमध्ये लू शुन यांनी शांघायला तरुणांसाठी काष्ठचित्रांचा वर्ग भरवला. १९३५ साली ली हुआने 'गर्जना कर, चीन' हे चित्र कोरले : डोळे बांधलेला, खांबाला जखडलेला माणूस, त्याची बोटे सुरीकडे सरकताहेत. त्यात रंग नाही; त्याची गरजही नाही.

आमच्याकडे अकोले तालुक्यातील धामणगावच्या दया पवारांनी १९७८ साली 'बलुतं' लिहिले, तेव्हा हेच घडले. चित्रातल्या माणसाने कोरणी हाती घेतली. जुनी चित्रे जाळावीत असे मी म्हणत नाही. ती जपावीत, वर्गात दाखवावीत. मात्र प्रत्येक चित्राखाली विद्यार्थ्याने विचारावे : हातात कोरणी कोणाच्या होती?