‘कोण?’ या प्रश्नात अडकलेलं संशोधन

आज आत्महत्या-प्रतिबंधाच्या मानसशास्त्रीय संशोधनावर बोलायचं आहे, आणि मी थोडं टीकेच्याच सुरात बोलणार आहे. या क्षेत्रात काम करणाऱ्यांबद्दल मला आदर आहे. पण आदर आहे म्हणून परीक्षण करायचं नाही, असं थोडंच असतं?

सुरुवात एका लेखापासून करू. २०१७ साली ‘सायकॉलॉजिकल बुलेटिन’मध्ये जोसेफ फ्रँकलिन आणि सहकाऱ्यांनी मागच्या ५० वर्षांतले ३६५ अभ्यास एकत्र तपासले. प्रश्न साधा होता. नैराश्य, आधीचा प्रयत्न, व्यसन, एकटेपणा असे जे ‘धोक्याचे घटक’ आपण पाठ केलेत, त्यांवरून पुढे कोण आत्महत्येकडे वळेल हे कितपत सांगता येतं? उत्तर असं आलं की नाणेफेकीपेक्षा जेमतेम बरं. बरं, ५० वर्षांत त्यात सुधारणाही नाही. म्हणजे बघा, अर्धं शतक, शेकडो प्रश्नावल्या, आणि अंदाज तिथल्या तिथे.

असं का व्हावं? संशोधक हुशार नव्हते असं नाही. यात गणिताची अडचण आहे. २०२१ मध्ये राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाने देशात १,६४,०३३ आत्महत्या नोंदवल्या. आकडा भयंकर आहे, पण लोकसंख्येत तो लाखाला १२ असा बसतो. लाखभर वस्तीच्या तालुक्यात नैराश्याची लक्षणं असलेली माणसं काही हजार निघतील. त्या हजारांतले बारा कोण, हे कुठली प्रश्नावली सांगणार? आणि त्या बारांतले काही जण तर लक्षणांच्या यादीत कधी आलेलेच नसतात.

दुसरी पद्धत म्हणजे ज्याला मानसिक शवविच्छेदन म्हणतात ती. माणूस गेल्यावर त्याच्या घरच्यांना, शेजाऱ्यांना भेटून त्याची मनःस्थिती मागे जाऊन जुळवायची. पाश्चात्त्य देशांतल्या अशा अभ्यासांमधून ‘दहातल्या नऊ जणांना मानसिक आजार होता’ हे वाक्य आलं आणि ते इतकं फिरलं की आता ते निसर्गनियमासारखं सांगितलं जातं. चीनमधले आणि आपल्याकडचे अभ्यास हे प्रमाण बरंच कमी दाखवतात. पण माझा आक्षेप आकड्यापेक्षा पद्धतीवर आहे. ज्या घरात मृत्यू झाला, तिथे प्रत्येक जण आठवणी चाळत असतोच. ‘तो महिनाभर गप्प गप्प होता’ हे वाक्य घटनेनंतर सुचतं. महिनाभर गप्प असलेले आणि आज आपल्यात असलेले लोक त्या अभ्यासात मोजले कुठे जातात?

आपल्याकडे याला आणखी एक पदर आहे, तो परदेशी पाठ्यपुस्तकात नाही. शेतकरी आत्महत्येच्या प्रकरणात महाराष्ट्र शासन कुटुंबाला एक लाखाची मदत देतं, पण प्रकरण ‘पात्र’ ठरलं तर. नापिकी, बँकेचं कर्ज, वसुलीचा तगादा, सातबारा कुणाच्या नावावर, हे सगळं तपासलं जातं. आता कुटुंब काय सांगेल? मदत मिळेल असंच सांगेल, आणि त्यात गैर काय आहे? पण मग तेच कागद घेऊन कुणी ‘कारणमीमांसा’ करत असेल, तर तो कारणं मोजतोय की शासन निर्णयातले निकष, हे त्याने स्वतःलाच विचारावं. जमीन नावावर नसलेली, रात्रंदिवस शेतात राबणारी बाई तर या नोंदीत शेतकरी म्हणून येतच नाही. २०२१ च्या त्याच अहवालात ‘गृहिणी’ या रकान्यात २३,१७९ मृत्यू आहेत आणि शेती क्षेत्राच्या रकान्यात १०,८८१. चर्चा कुठल्या रकान्याची होते, ते तुम्हाला माहीत आहे.

मग काय, सगळं संशोधन फुकट? नाही. श्रीलंकेकडे बघा. १९९५ च्या सुमारास तिथलं प्रमाण लाखाला ४७ होतं, जगातल्या सर्वांत वाईटांपैकी. तिथल्या सरकारने टप्प्याटप्प्याने सर्वांत जहाल कीटकनाशकांवर बंदी घातली. पुढच्या २० वर्षांत प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी उतरलं. यात गंमत नाही, पण विचार करायला लावणारी गोष्ट अशी की विषबाधेने रुग्णालयात येणारे लोक त्या प्रमाणात घटले नाहीत. घटले ते तिथे येऊन दगावणारे. दुःख होतं तेवढंच राहिलं, पण त्या घटकेला हाताशी जे होतं ते तितकं जीवघेणं उरलं नाही. आणि वाचलेल्यांपैकी बहुतेक जण पुढे आत्महत्येने मरत नाहीत, हे अनेक पाठपुराव्यांतून दिसलेलं आहे.

त्याच श्रीलंकेत दुसरा प्रयोग झाला: १८० गावं, ५३ हजारांहून अधिक घरं. निम्म्या गावांत घरोघरी कुलपाच्या पेट्या दिल्या की औषध त्यात ठेवा. कल्पना किती शहाणी वाटते ना? २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निकाल आला: फरक पडल्याचा पुरावा नाही. मला हा अभ्यास फार महत्त्वाचा वाटतो, कारण अपयश इतक्या स्वच्छपणे छापलेलं क्वचित दिसतं. आपल्याकडे पेट्या वाटपाचा फोटो छापून आला असता आणि विषय संपला असता.

समाजातल्या हिंसेवरचं संशोधनही अशाच ठिकाणी पोचलंय. शिकागोत ‘बिकमिंग अ मॅन’ नावाचा कार्यक्रम आहे. एका मुलाच्या मुठीत चेंडू, दुसऱ्याने ३० सेकंदांत तो मिळवायचा. झोंबाझोंबी होते. मग विचारतात, ‘अरे, तू मागितला का नाहीस?’ बस, एवढंच! पण चाचणीत सहभागी मुलांच्या हिंसक गुन्ह्यांतल्या अटका कार्यक्रमाच्या काळात ४५ ते ५० टक्क्यांनी कमी झाल्या. ‘गुन्हेगार वृत्तीचा कोण’ हे तिथे कुणी शोधत बसलं नाही, तो एक क्षण लांबवायला शिकवलं.

आता घरचं उदाहरण. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ हा प्रकल्प झाला. गावातल्याच कार्यकर्त्यांना समुपदेशन शिकवलं. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणारे आधी ४.३ टक्के होते, दीड वर्षाने २७.२ टक्के झाले. आत्महत्येचे विचार ५.२ वरून २.५ टक्क्यांवर आले. नावात आजार नाही, हेही मला आवडलं. पण परीक्षण करायचं तर पूर्ण करू. तुलनेसाठी वेगळी गावं नव्हती, आधी आणि नंतर एवढंच पाहिलं. त्या दीड वर्षात पाऊस कसा झाला, कापसाला भाव काय मिळाला, याचा परिणाम वेगळा काढता येत नाही. आणि मोजले ते विचार, मृत्यू नव्हेत. ३० गावांत मृत्यू मोजून काही सिद्धही होणार नाही, संख्या तेवढी नसते.

मला हवा आहे तो अभ्यास असा: विदर्भातच, काही तालुक्यांत ‘विश्राम’सारखं काम, काहींत जहाल औषधांच्या विक्रीवर बंधन, काहींत दोन्ही, आणि पाच वर्षं नोंद. ती नोंदही ‘पात्र-अपात्र’च्या फायलीतून नको, रुग्णालयाच्या रजिस्टरमधून. याला पैसा लागेल, आणि खतं-औषधांच्या दुकानदारांशी भांडणही होईल. प्रश्नावली वाटणं त्यापेक्षा सोपं आहे, म्हणून तीच वाटली जाते.

आता प्रश्न घेऊ. आणि ऐकणाऱ्यांपैकी कुणाला स्वतःसाठी किंवा जवळच्या माणसासाठी गरज वाटली, तर टेली-मानसचा क्रमांक १४४१६ आहे, मोफत आहे, मराठीत बोलता येतं.