उसना कोट

फोटोशॉपवर दोन-तीन फोटो जोडून एक चित्र करणे, याला पालघर-बोईसरकडचे स्टुडिओवाले ‘मिक्सिंग’ म्हणतात. समीक्षेने या कामाची दखल घेतली असेल तर ती फ्लेक्सवरच्या भाऊ-दादांची थट्टा करण्यापुरती. ती थट्टा सोपी आहे. घरातल्या भिंतीवर हार घालून लावलेले मिक्सिंग मात्र इतके सहज निकालात काढता येत नाही.

तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातून आलेला कामगार बोईसरच्या स्टुडिओत स्वतःला गावाकडच्या आईशेजारी उभा करून घेतो. आसपासच्या गावांतून येणारे गिऱ्हाईक बहुधा वारलेल्या माणसासाठी येते. मुलाचे लग्न बघायला न राहिलेला बाप नवरा-नवरीच्या मागे हवा असतो. हातात असतो मतदार ओळखपत्रावरचा किंवा कुणाच्या तरी लग्नातल्या घोळक्यातला नखाएवढा चेहरा.

कारागिराचा कस इथे लागतो. पेन टूलने गाल-हनुवटीची कड नीट निघते, केसांपाशी हात अडतो. चेहऱ्यावर डावीकडून ऊन आणि अंगावर समोरून स्टुडिओचा दिवा असला की डोळ्याला खटकते, का ते सांगता येत नाही. जुन्या फोटोचा रवा नव्या फोटोवर थोडा पेरावा लागतो. पायाखाली सावली टाकायची राहिली तर बाप लग्नमंडपात भुतासारखा तरंगतो!

सांधा लपवण्याची ही धडपड जुनीच. ऑस्कर रेजलँडरने 1857 साली तिसेक निगेटिव्ह जोडून एकच देखावा उभा केला होता. उलट 1930च्या दशकात जर्मन जॉन हार्टफिल्डला न जुळणाऱ्या गोष्टींची टक्करच दाखवायची होती. आपले मिक्सिंग रेजलँडरच्या कुळातले. त्यात टक्कर नको, भेट हवी.

ख्रिस्तोफर पिनी यांनी मध्य प्रदेशातल्या नागदा या कारखान्यांच्या गावातल्या फोटोंवर ‘कॅमेरा इंडिका’ (1997) हे पुस्तक लिहिले. आहोत त्याहून बरे दिसावे, ही तिथल्या गिऱ्हाइकाची इच्छा त्यांनी गांभीर्याने घेतली. ते योग्यच केले. पण पालघरच्या भिंतींवर मला एक प्रश्न पडतो : हे ‘बरे’ ठरवतो कोण? स्टुडिओच्या संगणकात तयार धडे असतात. कोट-टाय, शेरवानी, काठापदराची साडी. चेहरा तेवढा बसवायचा. वारली म्हाताऱ्याचे गुडघ्यापर्यंतचे धोतर जाते, सातपाटीकडच्या कोळी आजीचे काष्ट्याचे लुगडे जाते. आयुष्यभर जाळे ओढलेले हात जातात आणि त्यांच्या जागी कुणा मॉडेलचे गुळगुळीत हात येतात. नातवंडांना कोट आवडतो हे खरे, आणि त्यांना हसण्याचा अधिकार मला नाही. तरीही ज्या पोशाखात तो माणूस जगला तो भिंतीवर टांगण्याजोगा नाही, हे इथे कुणी न बोलताच ठरून गेलेले असते. मला चित्रातला खोटेपणा खटकत नाही. ही मुकाट कबुली खटकते.

पार्श्वभूमीचेही तेच. कटिंगमध्ये ती आधी जाते, मागे बाग किंवा निळा पडदा येतो. तारापूर अणुवीज केंद्राच्या तिसऱ्या-चौथ्या संचासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली. अशा गावातल्या जुन्या फोटोत माणसामागे दिसणारी कुडाची भिंत, ओट्याचा कोपरा, अंगणातला माड हाच त्या घराचा उरलेला पुरावा असू शकतो. कारागिराच्या लेखी तो कचरा. त्यात त्याचा दोष नाही, त्याला पैसे चेहऱ्याचे मिळतात.

काम झाले की सगळे लेअर एकत्र करून जेपीजी गिऱ्हाइकाला देतात, आणि जागा अडते म्हणून थरांची फाइल आणि मूळ स्कॅन पुसून टाकतात. म्हणून फोटो करायला देणाऱ्यांना माझे एकच सांगणे असते. न कापलेला मूळ स्कॅनही मागून घ्या, त्याची पोस्टकार्डाएवढी प्रत काढा आणि कोटातल्या वडिलांच्या फ्रेममध्ये, पाठीमागच्या पुठ्ठ्याला चिकटवून ठेवा. मागे नाव, गाव आणि फोटोतले घर कुणाचे ते पेन्सिलीने लिहा.