साक्ष, लक्षणा आणि बेट : मार्शल बेटांतील स्त्रियांच्या उच्चाराचे वाचन

नोव्हेंबर १९९५मध्ये अण्वस्त्रांच्या वैधतेसंबंधीची सुनावणी हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात चालू असताना, रोंगेलॅप बेटावरील लिजॉन एकनिलांग यांनी मार्शल बेटांच्या वतीने साक्ष दिली. अणुचाचण्यांनंतर आपल्या बेटांवरील काही स्त्रियांच्या पोटी जे जन्माला आले, त्याचे वर्णन करताना त्यांनी ऑक्टोपस, कासव, सफरचंद असे शब्द योजले. आणि अशा बाळांसाठी मार्शली भाषेत शब्दच नाहीत, कारण किरणोत्सर्गापूर्वी ती कधी जन्मली नव्हती, असेही सांगितले. या साक्षीचे वाचन समीक्षेने कसे करावे, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे.

साक्षीमागील इतिहास थोडक्यात असा. १९४६ ते १९५८ या काळात अमेरिकेने मार्शल बेटांत ६७ अणुचाचण्या केल्या. १ मार्च १९५४ रोजी बिकिनीवर झालेला ‘ब्राव्हो’ हा स्फोट अपेक्षेहून कितीतरी मोठा, म्हणजे १५ मेगाटन शक्तीचा ठरला. त्याची राख रोंगेलॅपवर पडली. तेथील माणसांना सुमारे दोन दिवसांनी हलविण्यात आले, त्यांच्यावर वैद्यकीय संशोधन सुरू झाले आणि १९५७मध्ये त्यांना त्याच बेटावर परत नेण्यात आले. अखेर १९८५मध्ये रोंगेलॅपवासीयांनी स्वतःहून बेट सोडले. ‘रेनबो वॉरियर’ या जहाजाने त्यांना मेजाटो येथे पोहोचविले.

आता साक्षीतील भाषेकडे वळू. ‘बाळ नव्हे, कासव’ या वाक्याला रूपक म्हणणे सोपे आहे आणि बहुतेक साहित्याभ्यासक तसेच म्हणतील. परंतु मम्मटाने सांगितलेल्या लक्षणेच्या अटी येथे लावून पाहाव्यात. मुख्यार्थाचा बाध आहे आणि तद्योगही, म्हणजे आकाराचे साम्यही, आहे. प्रश्न तिसऱ्या अटीचा आहे. लक्षणेला रूढी तरी हवी किंवा प्रयोजन तरी. येथे रूढी संभवत नाही, कारण ज्याला नाव द्यायचे ते भाषेपुढे प्रथमच आले आहे. प्रयोजनही परंपरेला अभिप्रेत असलेले नाही. गंगेवर गवळीवाडा आहे असे म्हणणाऱ्यापाशी ‘गंगेच्या काठावर’ हा सरळ शब्दप्रयोग उपलब्ध असतो. शैत्य आणि पावनत्व सूचित करण्यासाठी तो त्याला बाजूला सारतो. एकनिलांग यांनी बाजूला सारलेला असा कोणताही शब्द नाही. त्यांची भाषा वाचकाशून्य अवकाशात उभी आहे. पाश्चात्त्य अलंकारशास्त्र याला ‘कॅटाक्रेसिस’ म्हणते : मूळ नाव नसलेल्या वस्तूला दिलेले उसने नाव. म्हणून या शब्दांना प्रतिमा म्हणून दाद देणे हा वाचनाचा दोष ठरतो. ते अलंकरण नसून नामकरण आहे. आणि नुकसानीला नाव मिळाल्याखेरीज तिची भरपाई मागता येत नाही, हे या नामकरणाचे व्यावहारिक सत्य आहे.

दलित आत्मकथनांच्या संदर्भात ‘हा दस्तऐवज की साहित्य’ हा पेच मराठी समीक्षेने अनुभवला आहे. त्या वादाने एवढे तरी शिकविले की, हे द्वंद्व लेखकाचे नसून वाचकाच्या सोयीचे असते. एकनिलांग यांच्या साक्षीलाही ते लागू करता येत नाही. तेथे जे विधान आहे तेच पुरावा आहे आणि तोच भाषेचा नवा प्रयोगही आहे.

दुसरा धोका पर्यावरणवादी स्त्रीवादाच्या एका सुलभ सूत्राचा आहे. स्त्री म्हणजे निसर्ग, म्हणून स्त्री निसर्गाची स्वाभाविक रक्षक, हे समीकरण मार्शल बेटांवर सहज लादले जाते. वस्तुतः तेथे स्त्री आणि भूमी यांचे नाते भावुक नसून वंशव्यवस्थेचे आहे. जमिनीवरील हक्क मातृवंशाने चालत येतो. त्यामुळे बेट गमावणे म्हणजे स्त्रीच्या अधिकाराचा आधारच गमावणे होय. या स्त्रिया नेतृत्व करतात ते निसर्गाशी असलेल्या कुठल्या गूढ साधर्म्यामुळे नव्हे. त्या वारसदार म्हणून बोलतात.

डार्लीन केजू (१९५१–१९९६) यांच्या कार्यात ही वारसदारी संघटनेचे रूप घेते. हवाई विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेतलेल्या केजू यांनी १९८३मध्ये व्हँकुव्हर येथे, जागतिक चर्च परिषदेच्या अधिवेशनात, किरणोत्सर्गाने मार्शली स्त्रियांचे काय झाले ते उघडपणे मांडले. मात्र त्या साक्षीपाशी थांबल्या नाहीत. मायदेशी त्यांनी तरुणांनीच तरुणांना आरोग्याचे शिक्षण द्यावे अशी चळवळ उभारली. गाणी आणि छोट्या नाटिका ही तिची साधने होती. वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी स्तनाच्या कर्करोगाने त्यांचा मृत्यू झाला. साक्ष परक्या न्यायपीठाला उद्देशून असते, गाणे आपल्या माणसांना. हा संबोध्याचा बदल आपल्या समीक्षेने पुरेसा विचारात घेतलेला नाही.

कॅथी जेटनिल-किजिनर यांच्या कवितेत ही दोन्ही संबोधने एकत्र येतात. त्यांच्या २०१७च्या संग्रहाचे नाव, ‘इएप जाल्टोक’, बोलणाऱ्याकडे तोंड असलेल्या टोपलीचे वाचक आहे. मातृवंशीय समाजात ते मुलीला उद्देशून वापरले जाते. सप्टेंबर २०१४मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या हवामान परिषदेत त्यांनी आपल्या मुलीला उद्देशून लिहिलेली कविता वाचली आणि ती जगभर पोहोचली. ती कविता प्रभावी आहे. परंतु तिचे आश्वासक स्वर सभागृहाला सोयीचे ठरले, हेही मान्य करावे लागते. त्या तुलनेत संग्रहातील ‘हिस्टरी प्रोजेक्ट’ ही कविता अधिक कठोर आहे. मानवजातीच्या भल्याचे कारण सांगून १९४६मध्ये बिकिनीच्या लोकांना बेट सोडायला लावले होते. एक शाळकरी मुलगी तोच शब्दप्रयोग उपरोधाने आपल्या प्रकल्पाचे शीर्षक करते, परीक्षकांना उपरोध कळत नाही, आणि ती हरते. हे परीक्षक म्हणजे आपणच आहोत.

२०१८च्या ‘अनॉइंटेड’ या चित्रकवितेत त्या एनेवेटाकमधील रुनिट बेटावर, किरणोत्सर्गी कचरा झाकणाऱ्या काँक्रीटच्या घुमटाशी जातात. तेथे त्या कासवदेवतेची आणि तिने आपल्या पुत्राला दिलेल्या कवचाच्या तुकड्याची मार्शली कथा आठवतात. एकनिलांग यांच्या साक्षीशेजारी ही कविता ठेवली की एक अर्थ उलगडतो. जो शब्द साक्षीत विद्रूप जन्माचे उसने नाव होता, तोच येथे आदिमातेचे नाव म्हणून परत येतो. भाषेची झालेली हानी भाषेतच अंशतः भरून काढण्याचा हा प्रयत्न आहे. ‘अंशतः’ म्हणायचे ते अशासाठी की, घुमट तेथेच आहे आणि समुद्राची पातळी वाढत आहे.

८ जुलै १९९६ रोजी न्यायालयाने सल्लादायी मत दिले. अण्वस्त्रांचा वापर सर्वसाधारणतः आंतरराष्ट्रीय कायद्याच्या विरुद्ध ठरेल, असे त्यात म्हटले. परंतु राष्ट्राचे अस्तित्वच पणाला लागेल अशा आत्मरक्षणाच्या टोकाच्या प्रसंगी काय, याचा निश्चित निर्णय न्यायालयाला करता आला नाही. म्हणजे राष्ट्राच्या अस्तित्वासाठी जागा उरली, बेटाच्या अस्तित्वासाठी मात्र नाही. साहित्यसमीक्षा हा निर्णय बदलू शकत नाही. पण या स्त्रियांचा ‘आवाज’ गौरवून त्यांची मागणी ऐकू न येऊ देणे हाही एक निर्णयच असतो, आणि तो आपण आपल्या वर्गात, आपल्या लेखांत रोज देत असतो. तो तरी बदलणे आपल्या हाती आहे.