‘अस्सल ब्रिटिश’ या प्रतिमेची चिकित्सा : ‘द रिमेन्स ऑफ द डे’च्या संदर्भात

इंग्रजी साहित्याच्या वर्गात ‘ब्रिटिश माणूस कसा असतो?’ असा प्रश्न विचारला की उत्तरे जवळजवळ ठरलेली असतात. तो मितभाषी, वक्तशीर, मुकाट्याने रांगेत उभा राहणारा, हवामानावर बोलणारा आणि भावना चेहऱ्यावर उमटू न देणारा असतो. उत्तर देणाऱ्यांपैकी क्वचितच कोणी ब्रिटन पाहिलेले असते. साम्राज्य गेले तरी ‘साहेब’ आपल्या भाषेत राहिला आणि त्याच्यासोबत ही प्रतिमाही राहिली. काझुओ इशिगुरो यांच्या ‘द रिमेन्स ऑफ द डे’ (१९८९) या कादंबरीच्या आधारे तिची तपासणी करण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

प्रारंभीच संज्ञेतील घोळ लक्षात घेणे आवश्यक आहे. मराठीत ‘ब्रिटिश’ आणि ‘इंग्रज’ हे शब्द आपण बिनदिक्कत एकमेकांच्या जागी वापरतो. मराठ्यांचा इतिहास लिहिणारा ग्रँट डफ, मुंबईचा गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन आणि ज्यांच्या नावाने मुंबईत महाविद्यालय उभे आहे ते जॉन विल्सन, हे तिघेही स्कॉटिश होते; आपल्या लेखी मात्र सारे इंग्रजच. स्कॉटलंड आणि इंग्लंड १७०७ मध्ये एक राज्य झाले, तरी २०१४ च्या सार्वमतात सुमारे ४५ टक्के स्कॉटिश मतदारांनी विभक्त होण्याच्या बाजूने कौल दिला. म्हणजे ज्याला आपण ‘ब्रिटिश स्वभाव’ म्हणतो तो मुख्यतः इंग्लंडमधील, त्यातही वरच्या वर्गाचा शिष्टाचार आहे. ग्लासगोचा गोदी कामगार किंवा वेल्सचा खाणकामगार त्या चौकटीत बसत नाही.

ही चौकट पक्की करण्यात बाहेरून आलेल्यांचा वाटा मोठा आहे. १९३८ मध्ये वार्ताहर म्हणून लंडनला आलेल्या आणि तेथेच स्थायिक झालेल्या जॉर्ज मिकेश या हंगेरियन लेखकाने ‘हाऊ टु बी ॲन एलियन’ (१९४६) या पुस्तकात इंग्रजांच्या रांगप्रेमाची, चहाची आणि हवामानचर्चेची यथेच्छ टिंगल केली. इंग्रज वाचकांनी हे पुस्तक डोक्यावर घेतले! परक्याने काढलेले व्यंगचित्र घरच्यांनी कौतुकाने भिंतीवर लावावे, तसाच हा प्रकार. पुढे जमैकात जन्मलेल्या स्टुअर्ट हॉल या विचारवंताने त्याच चहाच्या पेल्याकडे वेगळ्या दृष्टीने पाहिले. चहाची पाने आशियातील मळ्यांची, साखर कॅरिबियन बेटांवरील गुलामांच्या श्रमांची. तरीही पेय मात्र ‘इंग्रजी’.

इशिगुरो हेही बाहेरचेच. जन्म नागासाकीचा (१९५४), इंग्लंडला आले ते पाचव्या वर्षी. त्यांचा नायक स्टीव्हन्स हा डार्लिंग्टन हॉल या वाड्याचा मुख्य सेवक, म्हणजे बटलर. खरा बटलर फक्त इंग्लंडमध्येच निपजतो, कारण भावनांवर ताबा ठेवणे इंग्रजांनाच जमते, असे तो मनापासून मानतो. १९२३ च्या परिषदेच्या रात्री वरच्या मजल्यावर वडील प्राण सोडतात आणि तो खाली पाहुण्यांना मद्य देत राहतो. स्वतःच्या दृष्टीने हा त्याच्या कारकिर्दीतील विजयाचा क्षण होय.

प्रस्तुत लेखकानेही काही वर्षे वर्गात स्टीव्हन्सला ‘नमुनेदार इंग्रज’ म्हणूनच शिकवले. ते वाचन अपुरे होते, हे दोन यहुदी मोलकरणींचा प्रसंग पुन्हा वाचताना जाणवले. नाझी जर्मनीशी सलोख्याच्या मागे लागलेले लॉर्ड डार्लिंग्टन त्यांना कामावरून काढण्यास सांगतात. स्टीव्हन्स कोकोचा पेला हाती घेऊन हा विषय नित्याच्या कामासारखा मिस केंटनपुढे मांडतो. वर्षभरानंतर तो सांगतो की त्यालाही दुःख झाले होते. मग तेव्हाच का बोलला नाहीस, या तिच्या प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर नाही. ज्या संयमाचे आपण कौतुक करतो, तो येथे अन्यायाला मदत करतो. स्वभावविशेष म्हणून त्याची नोंद केली की जबाबदारीचा प्रश्नच उरत नाही. साचेबद्ध प्रतिमेचा हा सर्वांत सोयीचा उपयोग.

कादंबरीचा काळ जुलै १९५६. याच महिन्यात नासेर यांनी सुएझ कालव्याचे राष्ट्रीयीकरण केले. कादंबरीत त्याचा उल्लेख नाही. वाडा आता फॅरडे या अमेरिकन धनिकाचा आहे आणि त्याला वाड्यासोबत अस्सल बटलरही हवा आहे. एका पाहुणीपुढे स्टीव्हन्स आपण लॉर्ड डार्लिंग्टनकडे कधी होतो हेच नाकारतो. मालक हिरमुसतो, कारण मोजलेल्या पैशांत हे अस्सलपण धरलेले होते. (फॅरडेचे पात्र काहीसे सपाट झाले आहे, पण या प्रसंगापुरते ते पुरते.) पुढे मॉस्कम गावात लोक स्टीव्हन्सलाच मोठा साहेब समजतात आणि तो त्यांचा गैरसमज दूर करत नाही. तेथेच हॅरी स्मिथ हा गावकरी सांगतो की प्रतिष्ठा केवळ उमरावांची नव्हे. हिटलरशी लढलो ते प्रत्येकाला ती मिळावी म्हणून. हाही ब्रिटिशच. पण आपल्या वर्गातील उत्तरांत हॅरी स्मिथ कधी येत नाही, कारण वाद घालणारा, मोठ्याने बोलणारा खेडूत आपल्या ‘साहेबा’च्या कल्पनेत मावत नाही.

अखेरीस वेमथच्या धक्क्यावर बसलेला स्टीव्हन्स एक निश्चय करतो. नव्या मालकाला थट्टामस्करी आवडते, तेव्हा परतल्यावर तिचा अधिक नेटाने सराव करायचा.