रिकामा रकाना

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’चं (डी अँड डी) २०२४चं नवं ‘प्लेअर्स हँडबुक’ उघडल्यावर मी आधी अलाइनमेंट, म्हणजे पात्राचा नैतिक कल, शोधलं. ते आहे. लॉफुल गुडपासून केऑटिक ईव्हिलपर्यंत नऊच्या नऊ चौकटी शाबूत आहेत. पण पात्र घडवताना त्यातली एक निवडली की पुढे खेळात तिचं जवळजवळ काहीच काम उरत नाही. अलाइनमेंट बदललं म्हणून पॅलादिन या धर्मयोद्ध्याची शक्ती जात नाही. ‘डिटेक्ट ईव्हिल अँड गुड’ या मंत्राला माणसाच्या मनातलं पाप दिसत नाही. सैतान, देवदूत, प्रेतात्मे असले जीव जवळपास आहेत का एवढंच तो सांगतो. दुसरीकडे पायझो कंपनीनं २०२३मध्ये आपल्या ‘पाथफाइंडर’ या खेळाच्या रीमास्टरमधून अलाइनमेंट काढूनच टाकलं. दोन्ही निर्णयांचं स्वागत एकाच सुरात झालं: सुटलो एकदाचे.

मला हा सुटकेचा सूर अजिबात मान्य नाही. अलाइनमेंट सदोष होतं, अनेकदा हास्यास्पदही होतं. पण त्यामागे एक खरा प्रश्न होता: या खेळात माणूस कसा वागतो याला काही अर्थ आहे का? पन्नास वर्षं हा प्रश्न चुकीच्या पद्धतीनं विचारला जात होता. आता तो विचारणंच बंद झालंय आणि याला आपण प्रगती म्हणतो आहोत.

१९७४च्या मूळ डी अँड डीमध्ये लॉ, न्यूट्रॅलिटी आणि केऑस हे तीनच पर्याय होते. पोल अँडरसन आणि मायकल मूरकॉकच्या कादंबऱ्यांतून आलेले हे शब्द पटावर सैन्यांच्या बाजू सांगायचे. तू कोणाकडून लढतोस, इतकाच त्यांचा अर्थ. खेळाचा एक निर्माता गायगॅक्स यानं फेब्रुवारी १९७६च्या ‘स्ट्रॅटेजिक रिव्ह्यू’मध्ये लेख लिहून या रेषेला गुड-ईव्हिलची दुसरी रेषा जोडली, १९७८च्या हँडबुकमध्ये नऊ चौकटी पक्क्या झाल्या आणि बाजू व स्वभाव यांची जी गल्लत झाली ती आजवर निस्तरलेली नाही. तरी १९७९च्या ‘डंजन मास्टर्स गाइड’कडे पाहा. पात्राचं वागणं कुठे सरकतंय याची नोंद डीएमनं, म्हणजे खेळ चालवणाऱ्या डंजन मास्टरनं, आलेखावर ठेवायची, आणि अलाइनमेंट बदललं तर पात्राची एक लेव्हल जायची. कोत्या मनाच्या डीएमच्या हाती हा नियम म्हणजे छळाचं साधन होतं. पण वागण्याची किंमत मोजावी लागते, हे त्या पुस्तकाला ठाऊक होतं.

त्या चौकटींनी जगाचं काय केलं तेही आपण विसरू नये. १९७७च्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’मध्ये आपला राक्षस आला: वाघाच्या तोंडाचा, उलट्या पंजांचा, पाइप ओढणारा आणि जातीनंच लॉफुल ईव्हिल. तीन वर्षांनी ‘डेइटीज अँड डेमिगॉड्स’नं इंद्र-वरुणांनाही हिट पॉइंट आणि अलाइनमेंट वाटून दिलं. ज्या समाजात पाडव्याला बळीचं राज्य परत येवो म्हणतात, तिथल्या वाचकाला असुराची अख्खी जात एका चौकटीत कोंबणं किती उथळ आहे हे समजावून सांगावं लागत नाही. पण याच राक्षसाच्या नियमात एक सुंदर गोष्टही होती. २०१४च्या आवृत्तीत त्याचं मर्म भेदायला टोकदार जादूचं शस्त्र लागायचं आणि ते सज्जनाच्या हातात असावं लागायचं. म्हणजे सज्जनपणा तिथे भाल्याच्या टोकापर्यंत पोचत होता. २०२५च्या आवृत्तीत ‘ब्लेस’ मंत्राचा प्रभाव पुरतो. हात कोणाचा आहे, हे कोणी विचारत नाही.

‘मास इफेक्ट’ या व्हिडिओ गेममधले पॅरागॉन-रेनेगेड गुण म्हणजे दोन गुल्लकं, त्यांवर वेळ घालवायचं कारण नाही. ‘व्हँपायर’ या खेळातली ह्युमॅनिटी पापांच्या उतरंडीची यादी बनून राहिली. नऊ चौकटींत सिनेमातली पात्रं बसवण्याचा छंद हा समीक्षेचा विषयच नव्हे.

विषय आहे ग्रेग स्टॅफर्डचा ‘पेंड्रॅगन’. १९८५चा हा खेळ आजही या क्षेत्रातलं सर्वांत गंभीर नैतिक लेखन आहे असं मी म्हणतो, आणि पूर्ण जबाबदारीनं म्हणतो. आर्थर राजाच्या सरदारांचा हा खेळ. प्रत्येकाच्या शीटवर गुणांच्या तेरा जोड्या: दया आणि क्रौर्य, औदार्य आणि स्वार्थ, नम्रता आणि गर्व, शौर्य आणि भित्रेपणा. प्रत्येक जोडीची बेरीज वीस. दया वाढली की क्रौर्य तेवढंच उतरतं.

आता हे टेबलावर कसं घडतं ते बघा. एक सॅक्सन योद्धा शस्त्र टाकून गुडघ्यावर बसलाय. कालच्या लढाईत त्यानं तुमच्या भावाला मारलं. तुमच्या सरदाराची दया १६ आणि क्रौर्य ४. तुम्हाला, खेळाडूला, त्याचं मुंडकं उडवायचंय. गेममास्टर म्हणतो, दयेवर वीस बाजूंचा फासा टाक. १६ किंवा कमी पडलं तर सरदार तलवार म्यान करतो, तुमचं रक्त कितीही उसळो. जास्त पडलं तर क्रौर्यावर टाका. तिथे ४ किंवा कमी आलं तर मुंडकं उडतं. दोन्ही हुकले तरच निर्णय तुमचा. शिवाय शीटवर ‘सॅक्सनांचा द्वेष’ ही वेगळी उत्कट भावना लिहिलेली असेल, तर गेममास्टर तीही मध्ये आणू शकतो, आणि एकाच माणसाच्या आत दोन माणसं भांडायला लागतात. जे घडेल त्याची खूण शीटवर पडते. हिवाळा आला, वर्षाचा हिशेब झाला की त्या खुणांवरून आकडे सरकतात. पुढच्या वर्षी तोच सरदार थोडा वेगळा माणूस असतो.

मी हा प्रसंग टेबलावर पाहिलाय. फासा दयेच्या बाजूनं पडल्यावर खेळाडू खुर्चीतून उठून खिडकीपाशी गेला आणि बराच वेळ बोलला नाही. खेळातल्या सद्गुणानं कुणाला असं अस्वस्थ केलेलं मी डी अँड डीच्या टेबलावर क्वचितच पाहिलंय.

आणखी एक गोष्ट स्टॅफर्डनं केली, जी गायगॅक्सला कधी सुचली नाही. त्यानं सद्गुणांची एकच यादी दिली नाही. ख्रिस्ती सरदाराला ब्रह्मचर्य, क्षमा, दया, नम्रता, संयम मोलाचे. पेगन सरदाराला उत्साह, औदार्य, सचोटी, कामेच्छा आणि गर्व. एकाचा दोष तो दुसऱ्याचा धर्म. दोघे एकाच टेबलाभोवती बसतात, एकाच राजाची चाकरी करतात आणि एकमेकांकडे संशयानं पाहतात. चांगुलपणा म्हणजे काय यावर इतका सखोल वाद नऊ चौकटींनी कधी घडवून आणला?

डी. व्हिन्सेंट बेकरच्या ‘डॉग्ज इन द व्हिनयार्ड’नं २००४मध्ये हाच धागा पुढे नेला. अमेरिकी पश्चिमेतल्या धर्मनिष्ठ वस्त्यांत न्याय द्यायला निघालेली तरुण पोरं. वादात हरायला आलात तर बोलण्यावरून अंगावर जा, अंगावरून हाणामारीवर, हाणामारीवरून बंदुकीवर. प्रत्येक पायरीवर नवे फासे मिळतात. म्हणजे सरळ प्रश्न: एवढ्याशा गोष्टीसाठी गोळी झाडणार आहेस का? बरोबर काय, हे गेममास्टरनं ठरवायचं नाही, असं पुस्तकच बजावतं. ‘डंजन वर्ल्ड’नं २०१२मध्ये अलाइनमेंट ठेवलं, पण कृतीच्या रूपात: ‘गुड’ पॅलादिननं स्वतःला धोक्यात घालून दुबळ्याला वाचवलं तर त्याला अनुभवगुण मिळतो. तीन ओळींत त्यांनी जे साधलं ते डी अँड डीला पाच आवृत्त्यांत जमलं नाही.

आणि ‘बॉल्डर्स गेट ३’? अप्रतिम व्हिडिओ गेम, यात वाद नाही. अलाइनमेंट नाही, त्याऐवजी पॅलादिनची शपथ आहे. ती मोडली की रात्री छावणीत ओथब्रेकर नाइट उभा राहतो. त्याचं बोलणं अंगावर काटा आणतं. मग शपथ परत हवी असेल तर? हजार सोन्याची नाणी मोजा. शपथभंगाला दर लावल्यावर ती शपथ उरतच नाही. एवढ्या मोठ्या कलाकृतीत, एवढ्या देखण्या प्रसंगानंतर, हा व्यवहार मला अक्षम्य वाटतो.

या सगळ्यावर ठरलेलं उत्तर येतं: खेळाडूच्या स्वातंत्र्यावर फाशानं घाला का घालायचा? माझं पात्र, माझा निर्णय. पण ‘पेंड्रॅगन’मधल्या त्या सरदाराची १६ दया आली कुठून? सरदार घडवताना दयाळू स्वभाव तुम्हीच निवडलात, आणि दर वर्षी ज्यांना जीवदान दिलंत त्यांनी तो आकडा वर नेला. फाशामागे तुमच्याच सरदाराचा भूतकाळ उभा आहे. ज्या निर्णयावर भूतकाळाचा काडीइतकाही भार नाही, त्याला स्वातंत्र्य म्हणणं मला बालिश वाटतं.

दुसरं उत्तर अधिक वजनदार आहे. ऑर्क जन्मतः दुष्ट, ड्राउ जन्मतः दुष्ट, ही कल्पना वंशद्वेषाच्या फार जवळ जाते. डी अँड डीची प्रकाशक कंपनी विझर्ड्सनं २०२०मध्ये ती सोडायची ठरवली ते योग्यच झालं. पण पुढे काय केलं? ऑर्क खेळाडूंच्या पर्यायांत आला आणि २०२५च्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’मध्ये त्याला नोंद राहिली नाही. डाकू, पंथवेडे, मारेकरी मात्र तिथे आहेत, आणि त्यांना कापून काढताना कुणाचा हात थरथरत नाही. कोणाला मारायचं याची यादी बदलली. मारण्याचा प्रश्न होता तिथेच आहे. गायगॅक्सच्या ‘कीप ऑन द बॉर्डरलँड्स’मध्ये कोबोल्डांच्या गुहेत न लढणारी पोरंही नोंदवलेली होती. त्यांचं काय करायचं, यावर किती टेबलं रात्र-रात्र भांडली असतील! तो प्रसंग ओंगळ होता, पण तो प्रश्न समोर आणत होता.

मला अलाइनमेंट परत नको आहे. मला परत हवाय तो १९८१च्या मोल्डवेच्या बेसिक पुस्तकातला मोराल. प्रत्येक शत्रूपुढे दोन ते बाराच्या दरम्यान एक आकडा. लढाईत त्याचे साथीदार पडू लागले की डीएमनं दोन फासे टाकायचे, आणि आकड्यापेक्षा जास्त आलं तर शत्रू पळतो किंवा शरण येतो. शरण आला की बाकीचं आपोआप सुरू होतं: याला बांधायचं का, सोडायचं का, खायला कोण घालणार, याच्या शब्दावर विश्वास कोण ठेवणार. २०१४मध्ये हा नियम ‘गाइड’मध्ये ऐच्छिक म्हणून टाकला गेला. शेवटपर्यंत लढून मरणारा शत्रू कधी दया मागत नाही, म्हणून पॅलादिनची परीक्षाही कधी होत नाही. शत्रूच्या नोंदीत अलाइनमेंटचा शब्द अजून छापतात, त्या जागेत मोरालचा आकडा सहज मावतो.